बंदरातला लाल बावटा

मंडळी, 'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी आपल्याकडे म्हण आहे. घरातली अडचण चव्हाट्यावर मांडू नये, पदरी काय आहे आणि काय नाही हे जगाला सांगत सुटू नये, एवढाच तिचा अर्थ. आणि संसारात ती खरीही ठरते. पण काही माल असा असतो की त्याच्या बाबतीत ही म्हण घात करते. बंदुकीची दारू, सुरुंगाची कांडी, पेट्रोल, किडे मारण्याचे औषध, विषारी वायू, असल्या वस्तू ज्याच्या मुठीत आहेत त्याने मूठ झाकून ठेवली तर सव्वा लाख राहतात बाजूला, शेजारीपाजारी मात्र हकनाक मरतात.

अशा धोक्याच्या मालाविषयी सरकारने जे कायदे केले त्यांचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. कायदा म्हटला की कलमे, पोटकलमे आणि दंड डोळ्यांपुढे उभे राहतात आणि माणसाला जांभई येते. पण या कायद्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ज्याच्याजवळ धोका आहे त्याने तो सांगितला पाहिजे. कोणाला सांगायचे, एवढाच काय तो प्रश्न. गेल्या दीडशे वर्षांत या 'कोणाला'चे उत्तर हळूहळू कसे रुंदावत गेले, हाच तो इतिहास. आणि 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही दुसरी म्हण इथे पावलोपावली आठवते, कारण यातला बहुतेक प्रत्येक कायदा कोणाच्या तरी ठेचेनंतर लिहिला गेला.

सुरुवात करू या लंडनपासून. १८७४ सालच्या २ ऑक्टोबरची पहाट. लंडन शहरातून जाणाऱ्या रीजंट्स कालव्यावरून मालाच्या नावा ओळीने ओढत नेल्या जात होत्या. त्यांतल्या 'टिलबरी' नावाच्या नावेवर साखर होती, कॉफी होती, खनिज तेलाची थोडी पिंपे होती, आणि त्यांच्याच बरोबर सुमारे पाच टन बंदुकीची दारू होती. तेलाची वाफ धरली, ठिणगी मिळाली, आणि नाव नेमकी एका पुलाखाली असताना उडाली. नावेवरचे तिघे जागच्या जागी गेले. पूल कोसळला, आसपासच्या घरांची नासाडी झाली. शहराच्या मधोमध, झोपलेल्या लोकांच्या खिडक्यांखालून दारूची वाहतूक चालते, आणि तीही तेलाशेजारी ठेवून, हे लोकांना त्या दिवशी कळले.

पुढल्याच वर्षी, म्हणजे १८७५ साली, इंग्लंडात स्फोटक द्रव्यांचा कायदा झाला. आपल्याकडे १८८४ साली इंग्रज सरकारने तशाच धर्तीचा कायदा केला. तो आजही, वेळोवेळी बदललेल्या नियमांसह, चालू आहे. स्फोटके बनवायची, साठवायची, विकायची, वाहून न्यायची किंवा परदेशातून आणायची असतील तर सरकारी परवाना हवा, हे त्याचे सार. १८९८ साली या कामासाठी स्वतंत्र खाते सुरू झाले. आज ते पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना या नावाने ओळखले जाते, आणि त्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे. आपल्या गावात विहीर खणताना खडक लागला आणि सुरुंग लावायचा झाला, किंवा दिवाळीत शोभेच्या दारूचे दुकान थाटायचे झाले, तर जो परवाना लागतो त्याची वंशावळ अशी थेट १८८४ पर्यंत जाते.

या पहिल्या पिढीच्या कायद्याची शिस्त तीन शब्दांत सांगता येईल : नाव, जागा आणि अंतर. माल काय आहे ते खरे खरे सांगा. तो कोठे ठेवला आहे ते सांगा. आणि वस्तीपासून, विस्तवापासून, दुसऱ्या ज्वालाग्राही मालापासून तो लांब ठेवा. पण लक्षात घ्या, हे सांगायचे कोणाला? सरकारला. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळले की कायद्याचे समाधान झाले. शेजाऱ्याला कळवण्याची सक्ती अजून कोणी केलेली नव्हती.

एका ठिकाणी मात्र शेजाऱ्याला सांगण्याची रीत फार जुनी होती, आणि ते ठिकाण म्हणजे बंदर. लाल बावटा म्हटले की आपल्याला मोर्चे आणि सभा आठवतात. बंदरातल्या लाल बावट्याचा अर्थ वेगळा. ज्या जहाजावर दारूगोळा आहे त्याने डोलकाठीवर लाल निशाण चढवायचे, म्हणजे बाकीची जहाजे, खलाशी, हमाल, बंबवाले सगळे सावध राहतात. निशाण वाचायला साक्षरता लागत नाही, की इंग्रजी लागत नाही.

हे निशाण चढले नाही तर काय होते, ते मुंबईने १९४४ साली पाहिले.

दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे सात हजार टनांचे मालवाहू जहाज इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. लढाऊ विमाने होती. सोन्याच्या विटा होत्या. आणि कराचीला त्यात भर पडली ती कापसाच्या गासड्यांची आणि वंगणाच्या तेलाची. स्फोटके आणि कापूस एकाच खणात! टिलबरी नावेवरची चूक सत्तर वर्षांनी, कितीतरी पट मोठ्या मापाने, पुन्हा मांडून ठेवली होती म्हणा ना.

शांततेच्या काळात असे जहाज गोदीच्या आत घेत नसत. बाहेर नांगरून पडावांत माल उतरवून घेत. युद्धाच्या घाईत हा दंडक सैल झाला होता. लाल निशाणही चढवलेले नव्हते. शत्रूला सुगावा लागू नये, हा युद्धकाळाचा विचार. पण शत्रूपासून लपवलेली गोष्ट शेजाऱ्यापासूनही लपली.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणातून धूर येताना दिसला. बंबवाले धावले. खणात नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले तरी आग आटोक्यात येईना. आत कापूस धुमसत होता आणि ओतलेले पाणी उकळू लागले होते. अखेर जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सुमारे १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचे शेजारचे जहाज उचलले गेले आणि त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर येऊन टेकला. जळत्या कापसाचे बोळे आभाळातून वस्तीवर पडले. गोदामांतले धान्य अशा दिवसांत जळाले, जेव्हा देशात धान्याचा कण कण मोलाचा होता.

सरकारी हिशेबाने सुमारे ७४० माणसे मेली आणि १,८०० जखमी झाली. खरा आकडा याहून मोठा होता असे पुष्कळांचे मत आहे. ऐंशी हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. गोदीतला सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसायला आठ हजार माणसे सात महिने खपत होती.

या हकिगतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांनी ती मुद्दाम ध्यानात ठेवावी. एवढा मोठा आवाज मुंबईने आपल्या कानांनी ऐकला, पण वृत्तनियंत्रणामुळे त्याची बातमी इथल्या वर्तमानपत्रांना आठवडे उलटेपर्यंत सविस्तर छापता आली नाही. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने मात्र ती दुसऱ्याच दिवशी सांगितली. म्हणजे ज्या शत्रूपासून लपवायचे त्याला कळले. ज्यांच्या घरावर आग पडली, त्यांच्याच कानांवर हात ठेवला गेला.

आता विचार करा, त्या दिवशी कायदा नव्हता काय? होता. स्फोटकांचा कायदा साठ वर्षांचा जुना होता. बंदराचे नियम होते, निशाणाची रीत होती. जहाजात काय आहे हे कागदोपत्री अधिकाऱ्यांना ठाऊकही होते. पण कागदावरची माहिती धक्क्यावरच्या माणसापर्यंत पोहोचली नाही. म्हणून एवढा अनर्थ झाला.

दुसरी ठेच स्वातंत्र्यानंतरची. तिच्यात स्फोट झाला नाही, आवाज झाला नाही. १९५८ साली केरळात आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात माणसे जेवून उठली आणि विषबाधेने कोसळली. शंभरांवर लोक दगावले. शोध घेता कळले की जहाजातून आलेल्या अन्नाच्या पोत्यांबरोबर पॅराथिऑन या जहाल कीटकनाशकाचे डबे होते. ते गळले आणि विष पिठात मुरले. पुन्हा तेच पाहा : एकत्र ठेवू नये ते एकत्र, आणि पोते उचलणाऱ्याला किंवा भाकरी खाणाऱ्याला कसलीच कल्पना नाही. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला, आणि पुढे १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला.

या कायद्याने सांगण्याचे वर्तुळ एक पाऊल पुढे सरकले. आता सरकारला सांगून भागेना, विकत घेणाऱ्यालाही सांगणे भाग पडले. औषधाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो, तो आपण पाहिला असेलच. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. तांबडा म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्या मानाने सौम्य. तांबड्यावर कवटी आणि हाडांचे चिन्हही असते. हा बंदरातल्या लाल बावट्याचा धाकटा भाऊ समजा.

पण शेजाऱ्याचे काय? जो माल विकत घेत नाही, कारखान्यात कामाला नाही, केवळ भिंतीपलीकडे राहतो, त्याला सांगण्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचे उत्तर मिळायला भोपाळ घडावे लागले.

१९८४ सालच्या २ डिसेंबरची रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात कीटकनाशक बनवण्यासाठी मेथिल आयसोसायनेट हे विषारी रसायन टाक्यांत साठवलेले होते. एका टाकीत पाणी शिरले, आत उष्णता वाढली आणि सुमारे ४० टन विषारी वायू थंडीच्या रात्री झोपलेल्या वस्तीवर पसरला. बाहेरच्या लोकांसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला होता. लोक डोळे चोळत, खोकत घराबाहेर पडले आणि धावत सुटले. जितके धावले तितका वायू छातीत गेला. तोंडावर ओले फडके धरा, धावू नका, एवढे दोन शब्द त्यांना आधी कोणी सांगितले असते तर कितीतरी जीव वाचले असते, असे जाणकारांनी नंतर सांगितले. दवाखान्यांत डॉक्टर होते, पण वायू कोणता आणि त्यावर उपचार काय हे त्यांनाही नीट कळवले गेले नाही. मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले. प्रत्यक्ष बळी त्याहून कितीतरी अधिक होते, असे तेथील लोक आजवर सांगत आले आहेत. आणि इशारा मिळाला नव्हता असेही नाही. राजकुमार केसवानी नावाचे भोपाळचे पत्रकार १९८२ पासून या कारखान्याविषयी लिहीत होते. त्यांचे ऐकले गेले नाही.

भोपाळनंतर मात्र कायद्याला जाग आली. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात नवे प्रकरण घातले गेले, आणि त्यात धोक्याच्या कारखान्याच्या मालकावर एक स्पष्ट बंधन आले : कोणता धोका आहे आणि त्यावर उपाय काय, हे कामगारांना, निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपास राहणाऱ्या जनतेला सांगायचे. 'आसपास राहणारी जनता' हे शब्द कायद्यात आले ते असे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या कामगार संहितेतही हे बंधन पुढे आणले आहे.

१९८९ साली धोकादायक रसायनांचे नियम निघाले. कोणते रसायन किती साठले की सरकारला कळवायचे, याच्या याद्या ठरल्या. कारखान्याच्या आतली संकटयोजना मालकाने करायची आणि बाहेरची जिल्हा प्रशासनाने. नुसती कागदावर ठेवायची नाही, तर तिची रंगीत तालीमही करायची. मोठा अपघात झाला तर ४८ तासांत कळवायचे. १९९१ साली विम्याचा कायदा झाला, म्हणजे धोक्याचा माल हाताळणाऱ्याने आधीच विमा उतरवून ठेवायचा आणि अपघातग्रस्ताला तातडीची मदत मिळायची. १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून जिल्ह्यापर्यंत आणि औद्योगिक वसाहतीपर्यंत संकटकाळच्या समित्या नेमल्या. अमेरिकेनेही भोपाळवरून धडा घेऊन १९८६ साली कायदा केला, आणि त्याच्या नावातच जनतेचा 'जाणून घेण्याचा हक्क' घातला.

यावर कारखानदारांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, फार कागद भरावे लागतात. धंद्याची गुपिते फुटतात. आणि लोकांना सगळे सांगितले तर ते विनाकारण घाबरतात. यात थोडे तथ्य आहे. लहान उद्योगाला कागदपत्रांचा जाच होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गुपिताचे म्हणाल, तर हलवायाने मिठाईची कृती सांगावी असे कोणी म्हणत नाही. त्यात विष असेल तर तेवढे सांगावे, इतकीच मागणी आहे. आणि भीतीचे म्हणाल, तर ठाऊक असलेल्या धोक्यापासून माणूस सावध होतो. न कळलेल्या धोक्यापुढे तो सैरावैरा पळतो. भोपाळला लोक पळाले ते माहिती मिळाली म्हणून पळाले नाहीत.

कोणी म्हणेल, हे सगळे शहरांचे आणि कारखान्यांचे झाले, आम्हा खेड्यातल्यांना काय त्याचे? मंडळी, आता खेडे आणि कारखाना यांच्यात अंतर उरलेले नाही. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ येथले रासायनिक कारखाने गावांच्या शिवेला लागून आहेत. पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर क्लोरीनची नळकांडी असतात, शीतगृहात अमोनिया असतो. आणि कारखाना नसेल तेथे रस्ता आहेच. रस्त्यावरून टँकर जातो. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक फलक लावावा लागतो. त्यावर मालाचा चार आकडी क्रमांक आणि संकटात फोन करण्याचा नंबर असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. टँकर उलटला तर लांबूनच हा आकडा वाचावा आणि ११२ किंवा १०१ वर तो सांगावा. जवळ जाऊ नये. सांडलेले तेल भरून घ्यायला घागरी घेऊन तर मुळीच धावू नये. २०१७ साली पाकिस्तानात बहावलपूरच्या परिसरात अशाच वेळी गर्दी झाली, आगीचा भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली.

त्याच २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशकांच्या कायद्याला तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती. डब्यावर चौकोन होता, रंग होता, आत माहितीचा कागदही घालावा लागतो. पण डबा दुकानातून मालकाच्या घरी येतो, औषध बादलीत कालवले जाते आणि पंप मजुराच्या पाठीवर चढतो. ज्याच्या नाकातोंडात विष जाते त्याच्यापर्यंत तो कागद क्वचितच पोहोचतो, आणि पोहोचला तरी बारीक अक्षरे वाचून कोण दाखवणार? १९४४ साली मुंबईच्या गोदीत जे घडले तेच हे, शेताच्या बांधावर. माहिती होती, पण शेवटच्या माणसापाशी नव्हती.

हा शेवटचा टप्पा सरकारच्या एकट्याच्या हातून पुरा होणार नाही. त्यासाठी गावोगावचे गुरुजी आणि बाई हव्यात. पाचवी-सहावीच्या मुलांना एक दिवस औषधाच्या डब्याचे चित्र फळ्यावर काढून दाखवा. चार रंग पाठ करून घ्या. ती मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील, 'दादा, आपल्या डब्याचा रंग कोणता?' हा प्रश्न कोणत्याही निरीक्षकाच्या भेटीहून मोलाचा आहे. गावाजवळ कारखाना असेल तर ग्रामसभेत विचारा : आत काय साठवले आहे? भोंगा वाजला तर आम्ही कोणत्या दिशेला जायचे? तालीम केव्हा झाली? हे विचारणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे. कायद्याने ते सांगण्याचे बंधन घातलेलेच आहे. फक्त कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

सरकारला सांगा, असे १८८४ चा कायदा म्हणाला. घेणाऱ्याला सांगा, असे १९६८ चा म्हणाला. शेजाऱ्याला सांगा, असे भोपाळनंतरचे कायदे म्हणाले. प्रत्येक पायरीची किंमत माणसांच्या जिवांनी चुकवली आहे. आता राहिले आहे ते एवढेच, की सांगितलेले वाचायचे, समजून घ्यायचे आणि ज्याला वाचता येत नाही त्याला समजावून द्यायचे. निशाण चढवणे हे जहाजाच्या मालकाचे काम. पण ते निशाण ओळखणारे डोळे आपल्या गावात तयार करणे हे आपले काम आहे.